माझे नाव माझ्यामागे भिंतीवर ठेवू नये

मी, किशन ज्ञानोबा सोनकांबळे, धंदा औषधविक्री, धर्म बौद्ध, राहणार मौजे येलदरा, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, वय सत्तरच्या आसपास (जन्माची नोंद नाही, आई सांगायची की मी झालो तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती, साल तिला ठाऊक नव्हते), आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने, कोणी धाक वा लालूच दाखवलेली नसताना पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वी मी असा कोणताही दस्त केलेला नाही. जिल्ह्याबाबत खुलासा असा की मी जागचा हललेलो नाही. गाव आधी बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत गेले, ब्याऐंशी सालापासून लातुरात आहे. माझ्या जुन्या कागदांवर तिन्ही नावे सापडतील. माणूस एकच समजावा.

१. हे आत्ताच लिहिण्याचे कारण. माघात दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली. उदगीरच्या डॉक्टरसाहेबांनी तपासले, गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जन्मभर डॉक्टर लोकांचे अक्षर वाचत आलो आहे, तेव्हा हेही लागले. त्यानंतर चार दिवस गेले असतील, माझा एकुलता मुलगा व्यंकट जेवताना म्हणाला, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. पण उद्या काही कमीजास्त झालं तर तुमचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर हाय तिथंच राहू द्यावं म्हणतो. आपली तारी पास होईस्तोवर." तारी म्हणजे त्याची लेक, ती लातुरास फार्मसी शिकते.

"मी मेल्यावर?"

"कोण चढून बघणार हाय? तालुक्यात चालतंय की असं."

"चालतं," मी म्हणालो, "मढंसुद्धा चालतं, चौघांनी उचललं की."

सून पदरात तोंड घालून हसली. व्यंकट हसला नाही, ताटावरून उठला. तो मनातून हे सोडणार नाही हे मला कळले, म्हणून तोंडी न ठेवता कागदावर घेत आहे.

२. माझी लायकी काय, हे वाचणाऱ्यास ठाऊक असावे. शाळा तिसरीपर्यंत, तीही वर्गाबाहेर ओट्यावर बसून. निजामाच्या अमदानीत उदगीरच्या सरकारी दवाखान्यात झाडायला लागलो. बाटल्यांवर उर्दू आणि इंग्रजी, मला दोन्ही सारखीच अंधारी. बाटल्या पुसता पुसता कोणती कुठली हे ध्यानात येऊ लागले. तिथले कंपाउंडर कासीमसाब यांनी एकदा विचारले, "किशन, तुला वाचता येतं का रे?" मी म्हणालो, "न्हाई जी, वळखता येतं." ते म्हणाले, "मग वाचायला उशीर कशाचा?" आणि खल माझ्या हातात दिला. पुड्या बांधणे, मलम घोटणे, मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी कातरून एका डोसाला एक असे दात पाडणे, हे सर्व त्यांच्या हाताखाली शिकलो. ते वारल्यावर त्यांच्या जागी मला बसवले. फार्मासिस्ट लोकांची सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा दवाखान्यात इतकी वर्षे काम केलेल्यांना अनुभवावर नाव घालता येत होते. डॉक्टरांनी दाखला दिला, माझे नाव लागले. त्यानंतर नोकरी सोडून मी येलदऱ्यात दुकान घातले. दुकानाचा परवाना त्या नावावर आहे. ते सर्टिफिकेट मी कमावलेले आहे, वारशाने आलेले नाही, म्हणून वारशाने जाणारही नाही.

३. सबब असे ठरवतो की, मी वारलो म्हणजे मला आंघोळ घालण्याच्या आधी दुकानाच्या भिंतीवरचे सर्टिफिकेट उतरवावे. रडारड नंतर करावी. दुकानाला कुलूप लावावे. सर्टिफिकेट मृत्यूच्या दाखल्यासह रजिस्टर पोस्टाने नोंदणीच्या फार्मसी कौन्सिलला परत पाठवावे व परवान्याच्या कचेरीला लातुरास कळवावे की हा माणूस आता नाही. फ्रेम व काच घरात ठेवावी. तिच्यात फोटो घालायचा असल्यास माझा घालू नये. दुकानात मेलेल्याचा फोटो बघून कोण औषध नेईल?

४. एवढा हट्ट का, असे गावात विचारतील. त्यांना पार्वतम्मांची गोष्ट सांगावी. पार्वतम्मा म्हणजे माझ्या शेजारचे किराणा दुकानदार शिवमूर्तीअप्पा यांच्या मातोश्री. त्यांना साखरेची व्याधी. आमच्या गावात घड्याळ असलेले घर विरळा, म्हणून मी लोकांना एस.टी.वर वेळ सांगत असे. सकाळची उदगीर गाडी आली की एक गोळी, संध्याकाळची मुखेडहून येणारी मुक्कामी गाडी आली की दुसरी. लोकांना हे सोपे जाई. मग नवा लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, आणि थोड्याच दिवसांत दुपारची एक लातूर गाडी आमच्या फाट्यावरून सुरू झाली.

एका बाजारच्या दिवशी अम्मा गोळ्या मागायला आल्या. व्यंकटने डबी काढलीसुद्धा. मी बघितले तर अम्मांच्या कपाळाला घाम, हात लटलट कापतो आहे, आणि दिवस तर थंडीचे.

"अम्मा, मागच्या बाजारी तर दिल्या होत्या. इतक्यात संपल्या?"

"मग! तूच सांगितलास की रे यप्पा, गाडी आली की गोळी. आता सरकारनं तिसरी गाडी सोडली, त्याला मी काय करू?"

जास्तीच्या गोळीने त्यांची साखर फार उतरली होती, म्हणून मी आधी त्यांना ओट्यावर बसवून साखरेचे पाणी पाजले, मग व्यंकटला डबी आत ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून येलदऱ्यात मी एस.टी. बंद केली आणि भाकरी चालू केली: सकाळच्या भाकरीआधी एक, रातच्या भाकरीआधी एक. भाकरी जिल्हा बघून वाढत नाही. यात व्यंकटचा दोष नाही. गिऱ्हाईकाने मागितले, त्याने काढले, दुकानदाराने असेच करावे. पण त्या वेळी सर्टिफिकेटही भिंतीवर होतेच की. त्याला घाम दिसला नाही. म्हणून नाव ज्याचे, तो माणूस काउंटरला बसलेला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

५. दुकानाची खोली, फळ्या, काचेचे कपाट, तराजू, वजने, मापाचे ग्लास आणि बसायचे स्टूल हे सर्व मी माझी नात तारामती व्यंकट सोनकांबळे हिला देतो. ती सध्या लातुरास फार्मसीच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आली आहे. तिचे नाव रीतसर नोंदणीत येईल व तिच्या नावाचा परवाना निघेल त्या दिवशी तिने स्वतः कुलूप काढावे. तोवर दुकान बंद. नापास झाली तर पुन्हा बसावे, दुकान वाट बघेल. फळ्यांना भूक लागत नाही.

तिच्याबाबत अट एकच आहे व ती मी जाणूनबुजून सविस्तर लिहितो. होळीनंतर मुखेडचे पाव्हणे तिला बघायला आले होते. त्यांचे तिथे औषधाचे दुकान आहे, मुलगा दिसायला चांगला, बोलायला गोड. चहा झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "सोनकांबळेसाहेब, हुंडा-बिंडा काही नको. कपडे आमचे, मंडप आमचा."

व्यंकटचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली. गेली दोन वर्षे पाऊस नाही, लेकीच्या बापाला आणखी काय पाहिजे! मी विचारले, "मग तुम्हाला काय पाहिजे?"

"काही न्हाई. पोरीनं घर सांभाळावं, आमच्यात बायका दुकानात बसत न्हाईत. तिचा तेवढा कागद आमच्या दुकानात लागंल. सध्या नांदेडच्या एका माणसाचा भाड्यानं आणलाय, तो लई नखरे करून राहिला."

म्हणजे पोरगी चुलीपाशी आणि तिचा कागद गल्ल्यापाशी. मी म्हणालो, "पाव्हणं, तुम्ही सून बघायला आलात की फ्रेम?" त्यावर ते हसले, आपल्याला विनोद कळतो असे दाखवण्यापुरते. सरजाबाईंनी, म्हणजे माझ्या कुटुंबाने, मला डोळे वटारले. पाव्हणे गेल्यावर व्यंकट म्हणाला, "अण्णा, आलेली लक्ष्मी लाथाडू नका. मी त्यांना परीक्षा झाल्यावर सांगतो म्हणालोय. हो म्हणून टाकू."

मी तारामतीला बोलावले. ती आत भांडी घासत होती, हाताला राख तशीच. म्हटले, "तारे, तुझं काय म्हणणं हाय? खरं बोल, मी कुणाला रागवू देणार न्हाई."

ती बापाकडे न बघता बोलली, "आबा, मला काउंटरला बसायचं हाय. भिंतीला टांगून घ्यायचं न्हाई."

सबब अट: तिने लग्न करावे वा न करावे, येलदऱ्यात राहावे वा परगावी जावे, ती सज्ञान आहे. पण तिचे नाव भाड्याने, उसने, आहेरात वा हुंड्याच्या बदल्यात कोणाच्याही भिंतीला लावण्यास द्यावे असा दबाव तिच्यावर बापाने, आईने, आजीने वा उद्याच्या नवऱ्याने आणू नये. जो वारस असा दबाव आणील त्याचा या दस्ताखालचा हक्क त्या दिवसापासून संपला. ज्या घरात तिला काउंटरला बसू देतील तिथे तिने खुशाल नांदावे व दुकानाचे सामान तिकडे न्यावे. माझा आशीर्वाद सामानासोबत जाईल.

६. राहते घर, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी व शेवग्याचे झाड, हे माझी पत्नी सरजाबाई हिच्या हयातीत तिचे. तिला घरातून कोणी हलवू नये, खाटेची जागासुद्धा बदलू नये, तिला ते खपत नाही. तिच्यानंतर घर व्यंकटचे. पोस्टातील बचत तिच्याच नावे आहे. ती किती, हे तिला विचारावे, मला ती आजवर सांगत आली नाही. चिनी मातीचा मोठा खल मी तिला देतो. लग्न झाल्यापासून तिचा त्याच्यावर डोळा आहे आणि मी दर वेळी म्हणत आलो, "त्यात औषध घोटतात, लसूण न्हाई." आता खुशाल कारळाची चटणी कुटावी. दुकान बंद आहे तोवर हरकत नाही. दुकान उघडल्यावर तारामतीला लागला तर तिने बाजारातून नवा आणावा, लसणाचा वास जात नसतो.

७. व्यंकटविषयी. हा माझा मुलगा वीस वर्षे माझ्या शेजारी उभा आहे. कष्टाला चुकलेला नाही, गल्ल्याला हात लावलेला नाही. मॅट्रिकला गणिताने अडवले, नाहीतर आज हा दस्त लिहावाच लागला नसता. दुकान त्याला न देता त्याच्या लेकीला देतो, याने त्याच्या जिवाला लागेल हे मला दिसते. तरी देतो. माळावरची जमीन मी त्याला एकट्याला देतो. दुकान बंद असेल त्या काळात दुकानाच्या ओट्यावर फळी टाकून त्याने साबण, तेल, वह्या, बिस्किटे असे बिनकागदाचे काहीही विकावे. डोकेदुखीची एक गोळीसुद्धा विकू नये. ज्यांना रोजच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन त्याने उदगीरहून पक्क्या दुकानातून औषध आणून द्यावे, शेजारधर्म म्हणून. तारामतीने शिक्षण सोडलेच, तर त्या खोलीत व्यंकटने पिठाची गिरणी टाकावी. पीठ औषधाइतकेच गरजेचे आहे आणि त्याला सर्टिफिकेट लागत नाही.

८. या दस्ताची अंमलबजावणी शिवमूर्ती बसवणप्पा पाटील, किराणा दुकानदार, यांनी करावी. दुकानाची किल्ली माझ्यामागे त्यांच्याकडे राहील. हे वाचून गाव तोंडात बोट घालील, कारण त्यांचे माझे किती पटते हे सर्वांस माहीत आहे. म्हणून कारण लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात गावात पाणी राहिले ते शिवमूर्तीअप्पांच्या आडाला. सगळे गाव दोर टाकून शेंदायचे, आमच्या वस्तीने मात्र घागर खाली धरायची आणि त्यांच्या गड्याने वरून ओतायचे. गंमत अशी की त्याच पाण्याने मी मिक्श्चर बनवायचो आणि ते सगळे गाव प्यायचे. एकदा अप्पा स्वतः लेकीच्या खोकल्याचे औषध न्यायला आले. बाजारचा दिवस, दुकानापुढे गर्दी. मी बाटली उचलली आणि म्हणालो, "अप्पा, वाटी खाली धरा, वरून ओततो."

"बाटलीच दे की."

"कशी देऊ? तुमच्या आडाची रीत हाय ती. माझ्या दुकानाला का नको?"

अप्पा लालबुंद झाले. मग बाटली मी त्यांच्या हातात दिली, दातांची पट्टी दाखवून डोस समजावला, कारण लेकराचा त्यात काय गुन्हा? पोरगी बरी झाली. दुसऱ्या दिवशी सरजाबाई आडावर गेली तर गडी नव्हता. दोर आणि बादली काठावर ठेवलेली, आणि अप्पा पाठ करून उभे. म्हणाले, "शेंदून घ्या. मला सांडलेलं चालत न्हाई." त्यानंतर आमच्या वस्तीत कोणी खाली घागर धरली नाही. पण त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी नीट बोललेही नाहीत. अम्मांच्या प्रकरणानंतर फक्त गुळाची एक ढेप पाठवली, तीही गड्याच्या हाती, निरोपाशिवाय.

असा माणूस मला पाहिजे होता. मित्र असता तर व्यंकटच्या डोळ्यांत पाणी बघून पाघळला असता. मी परवा त्यांच्या दुकानात गेलो, कलमे वाचून दाखवली. बराच वेळ त्यांनी तूरडाळ निवडली. मग म्हणाले, "किशन, मला कारभारी करतोस, आणि तुझा पोरगा माझ्याच बाजूला बिस्किटं विकणार?"

"हाव."

"माझ्याच पोटावर पाय, आणि पहारा मीच द्यायचा?"

"म्हणूनच तुम्ही. दुकान लवकर उघडावं असं तुमच्याइतकं कुणालाच वाटणार न्हाई. तारीला अभ्यासाला बसवाल."

अप्पांनी डाळीतला खडा उचलून बाहेर फेकला. "लई बेरकी हायस. किल्ली मी तुझ्या बायकोलासुद्धा देणार न्हाई, सांगून ठेवतो."

"नका देऊ."

"आणि तुझी नात येऊन माझ्या पाया पडली तरी कागद बघितल्याबिगर देणार न्हाई."

"हेच लिहिलंय, अप्पा."

९. किरकोळ. दुकानातला शिल्लक माल, ज्याची मुदत आहे तो, उदगीरच्या ज्या ठोक दुकानातून आणला तिथे परत करावा. मुदत संपलेला गावाबाहेर खड्डा करून पुरावा, आडाच्या किंवा नाल्याच्या अंगाला नको. दुकानापुढचा रांजण मात्र बंद काळातही भरलेला ठेवावा. गिऱ्हाईकाने पहिली गोळी माझ्या डोळ्यांदेखत घ्यायची ही माझी पद्धत त्या पाण्यावर चालली. यंदा टँकरला रांगा आहेत, तरी एक घागर निघते, न निघाल्यास आमच्या घरातल्या पिण्यातून काढावी. माझ्यामागे त्रिसरण पंचशील म्हणावे, पुण्यानुमोदनाच्या जेवणाला साधा वरण-भात करावा, उसनवारी करून गोडधोड करू नये. खांदा देणाऱ्यांत शिवमूर्तीअप्पांना बोलवावे. नाही म्हणाले तर आग्रह करू नये. हो म्हणाले तर कोणी त्यांच्याकडे टक लावून बघू नये.

येणेप्रमाणे हा दस्त मी समजून उमजून लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या. व्यंकट हा वारस असल्याने साक्षीदार नाही. तरी पुढे तक्रार राहू नये म्हणून त्यालाही वाचायला दिला आहे. त्याच्या मनात येईल ते त्याने खाली लिहावे. मी एक अक्षर खोडणार नाही.

किशन ज्ञानोबा सोनकांबळे
(लिहून देणार)

साक्षीदार:
भीमाशंकर गुरुपादप्पा स्वामी, प्राथमिक शिक्षक, येलदरा
लक्ष्मणराव निवृत्ती केंद्रे, पोस्टमास्तर, येलदरा

कारभारी म्हणून कबूल:
शिवमूर्ती बसवणप्पा पाटील

ठिकाण: येलदरा, तालुका उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक: १२ एप्रिल १९८७

वारसाचे म्हणणे:
दोनदा वाचलं. मला हे पटलेलं नाही, तसं लिहितो. दुकान बंद पडल्यावर लोक अण्णाला नाही, मला हसणार आहेत. तरी शब्दाबाहेर जाणार नाही. पाव्हण्यांना परीक्षा झाल्यावर सांगतो म्हणालो होतो, पण आता थांबण्यात अर्थ नाही. सकाळच्या गाडीनं मुखेडला जाऊन त्यांना तोंडावर नाही म्हणून सांगून येतो. तारीला आज अभ्यासाचं बघू द्या, भांडी मी घासतो.
व्यंकट किशन सोनकांबळे